दुप्पट पोती

नागपूर, मे १९७४

भास्कर गा,

काल तुया सत्कारात तू माइकवरून माझं नाव घेतलं. म्हणे, "ह्या चर्चवर पहिला भरोसा मनोहरनं टाकला. भार तपासाले नियमाच्या दुप्पट वाळूची पोती त्यानं कमानीवर चढवली, म्हणून आज मले गावोगावचं काम येऊन राहिलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून हात जोडले.

आपण एकाच कॉलेजातले. तू जुन्या चर्चांसारखी टोकदार गॉथिक कमान ह्या नव्या चर्चसाठी उघड्या काँक्रीटात ओतली, ना नक्षी, ना गिलावा. अन् मी सरकारी इंजिनीअर, दुसऱ्यांची कामं तपासत बसलो. तुयी कमान तपासणीले माझ्याच टेबलावर आली, तेव्हा मी जळलो गा. ती पोती मी कमान फुटावी म्हणून चढवली होती. चोवीस घंटे खाली उभा राहून भेग शोधली. केसाएवढी बी सापडली नाही.

शेवटी तू म्हणाला, अमरावतीच्या चर्चच्या तपासणीलेही मनोहरच पाहिजे.

म्हणून हे पत्र मी पेटीत टाकत नाही. तिथं तिप्पट पोती चढवाची आहेत.

तुया भरोशाचा,
मनोहर