शालनवहिनीचं सुतक आणि व्हाळाचं पाणी

मंगळवार, दिवेलागण

शालनवहिनी शुक्रवारी गेली. दरवर्षी या दिवसांत तीच घरोघर फिरून माणसं काढायची आणि व्हाळावर मातीच्या पोत्यांचा बंधारा घालून घ्यायची. तो नसला की उन्हाळ्यात विहिरी खारट होतात. यंदा पोती भरून पडलीत. पण वाडी एकाच भावकीची, सगळ्यांना तिचंच सुतक. सुतकात व्हाळाच्या राखणदाराला नारळ ठेवता येत नाही, आणि नारळाशिवाय पहिलं पोतं टाकत नाहीत. नारळ ठेवणारा मी. मी बोललो, थांबूया. बरोबर बोललो का?

आज व्हाळावर जाऊन आलो. पाणी समुद्राला चाललंय, कालच्यापेक्षा बारीक. आणखी आटलं तर अडवायचं काय?

विहिरीवर तिची सून भेटली. "आबानू, आईन तुमका असा गप बसाक दिल्यान असता काय?"

"माका व्हाळात ढकलल्यान असता."

"मगे?"

 राखणदार कोपला तर? पोराबाळांची वाडी आहे. पण पाणी बारीक होतंय. उद्या पहिलं पोतं मीच टाकतो, नारळ मागाहून. कोपायचंच तर माझ्या एकट्यावर कोप, असं गाऱ्हाणं घरातूनच घातलंय. सुतकात ते तरी चालतं का, कोण जाणे.