काळ्या हरभऱ्याची ओळ

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज सकाळपासून मी तुमच्याशी भांडते आहे. कर्जतहून भावाचा फोन आला होता. "ताई, हरभऱ्याला मर लागलीय गं. उभी रोपं वाळाया लागल्यात. आण्णांचं त्ये काळं बी तुज्याकडं हाय का थोडं?" मी नाही म्हणाले. का नाही, तेही सांगितलं: "आमच्या सरांनी उपटून टाकलं."

तुमचा तो मर रोगाचा वाफा. त्याच्या मातीत आपण मुद्दाम बुरशी पोसायचो, कोणता वाण तग धरतो ते बघायला. वडिलांनी, आण्णांनी रुमालात बांधून दिलेलं मूठभर बी मी तिथे एका ओळीत पेरलं होतं. घरच्या रानात तोवर माझ्याच सांगण्यावरून सुधारित वाण आला होता. ती मूठ शेवटची. "ह्यो हरभरा मरत न्हाई. का मरत न्हाई, त्ये तुज्या सायबाला इचार," असं आण्णा म्हणाले होते. मी तुम्हाला विचारायला थांबले नाही. मुळं बर्फावर ठेवून खलात वाटली, बुरशीला अडवणारं फिनॉल मोजलं. बुरशी मुळात शिरली की ते दोन्ही वाणांत वाढायचं; पण तुमच्या लाडक्या वाणात वाढेपर्यंत बुरशीने पाण्याच्या नळ्या बुजवलेल्या असायच्या, आणि काळ्यात ते लगेच वाढायचं. सगळा फरक वेळेचा होता. वही घेऊन मी तुमच्या टेबलासमोर उभी आहे आणि तुम्ही चष्मा पुसताय. "दाणा बघितलास का? बारीक, काळा. कोण घेणार हा? उद्या पाहुणे येतायत, ती ओळ भेसळ दिसते. उपटून टाक." वही उघडलीसुद्धा नाहीत.

मला अजून संताप येतो. आजूबाजूच्या ओळी वाळून गेलेल्या, हिरवी ती एकच, आणि तिलाच तुम्ही भेसळ म्हणालात! रोपं रोगाला कशी तोंड देतात हे शिकवण्यात तुमचा जन्म गेला, आणि तोंड देऊन उभं असलेलं रोप तुम्हाला दिसलं नाही. वर डिग्री मिळाल्यावर स्वतःचा चिनीमातीचा खल मला दिलात, डोक्यावर हात ठेवलात. तो फेकून द्यायचं कितीदा मनात आलं. श्रीरामपूरच्या कॉलेजात माझी मुलं आजही त्यातच मुळं वाटतात, कारण तसा जड, न घसरणारा खल आता मिळत नाही. मला याचाही राग येतो.

पण भावाला सांगितलं ते खोटं आहे, सर. तुम्ही हुकूम सोडून चहाला गेलात. वाफ्यात मी एकटी होते. घाटे भरत आले होते; आठ दिवस मागितले असते तर कुरकुरत का होईना, दिले असतेत, तुम्ही तसे होतात. निदान एखादं रोप कुंडीत लपवता आलं असतं. पण येणाऱ्या पाहुण्यांत मला नोकरी देऊ शकणारे होते, आणि त्यांच्यासमोर त्या बारीक काळ्या दाण्याची मलाच लाज वाटत होती. ती ओळ मी उपटली, मुळासकट.

हे पत्र त्या जुन्या वहीत, आकड्यांच्या पानाशी ठेवते आहे. भावाला अजून फोन केलेला नाही.