एकतिसावं पान

१४ जानेवारी २०२५

कव्हरवर नाव येणार! 'शब्दांकन : ज्योत्स्ना तायडे.' शेखरदादांनी फोनवर कबूल केलं. त्यांच्या वडिलांची पंचाहत्तरी आहे, नऊ मार्चला, अकोल्यात. देवमनकाका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. चाळीस पानांची पुस्तिका, आणि त्यातला जीवनपट सगळा माझा.

कोचिंग क्लासच्या नोट्स लिहिणं सोडलं त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून काय नाही लिहिलं मी! दवाखान्यांची माहितीपत्रकं, बियाण्यांच्या जाहिराती, पुण्याच्या साप्ताहिकात सात लेख. पण पुस्तकावर नाव? कुठंच नाही. आणि पुण्याचे एक प्रकाशक चरित्रमालेसाठी लेखक शोधून राहिले. त्यांनी सरळ विचारलं, 'तुमच्या नावाचं एखादं पुस्तक दाखवा, मार्चअखेरपर्यंत.'

आईला सांगितलं तर म्हणते, 'पंचाहत्तरीचं पुस्तक म्हंजे लग्नपत्रिकेची मोठी बहीणच न वं?' म्हणू दे बाप्पा.

२२ जानेवारी

अकोल्याला जाऊन आले. काका फार कमी बोलतात. 'बदल्या झाल्या, पोरं शिकली, लिही तुया मनानं.' असं म्हणून चहा पिऊन मोकळे!

एक गोष्ट मी आता शिकले आहे. प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. घड्याळाकडे पाहायचं नाही, पेन खाली ठेवायचा. समोरच्याला ते गप्प बसणं सहन होत नाही, तो बोलतो. काकांवर अजून चाललं नाही. पुन्हा जाईन.

५ फेब्रुवारी

आज चाललं. आणि आता वाटतं, चाललं नसतं तर बरं झालं असतं.

मी विचारलं होतं, 'पहिली नोकरी कुठं?' काका म्हणाले, अकोला, अठ्ठ्याहत्तर साल, भाड्याची खोली. मग थांबले. मीही थांबले. बऱ्याच वेळानं म्हणाले, 'घरमालकिणीनं आडनाव इचारलं. मी भलतंच सांगितलं. खरं सांगतलं असतं त खोली भेटली नसती, बेटा.'

महिन्याभरानं त्यांची मोठी बहीण आली, माणिकबाई. भातकुलीहून, एकटी. दुसऱ्याच्या वावरात निंदण करून हिनंच त्यांना शिकवलं. काकांना ती लांबून येताना दिसली. हे धावत गेले, तिला मागच्या दारी नळापाशी बसवलं, आणि घरात येऊन मालकिणीला सांगितलं, 'गावची बाई हाय, भांडे घासते.' मालकिणीनं लगेच भांडी बाहेर काढून दिली. आणि तिनं घासली! तिला वाटलं, भावाच्या घरमालकिणीला मदत करावी.

काकांनी नंतर पत्र पाठवलं — खोली लहान आहे, येऊ नको. पुढं घर बांधलं, बंगला झाला. लग्नात-मौतीत भेट होते म्हणे. पण 'घरी ये' म्हणून एकदाही बोलावलं नाही. 'बोलवायले तोंडच नाही राहिलं मले.'

मी विचारलं, हे लिहू?

'त्याच्याच साठी त तुले सांगून राहिलो. या खेपेले तिले बोलावलं मी, पुतण्याच्या हातून निरोप धाडला. थे समोर बसली पायजे अन् हे वाचलं पायजे. तोंडानं नाही होत मायानं. तू वाचजो.'

परतताना बसमध्ये डोळे पुसत होते मी. बाजूची बाई म्हणाली, 'कोणी गेलं का वं माय?'

९ फेब्रुवारी

लिहिलं. एकतिसाव्या पानावर येतं. 'मी खाटेवर बसून भांड्यांचा आवाज ऐकत होतो. उठून बाहेर जायला चार पावलं लागली असती.' हे काकांचंच वाक्य, मी फक्त जागेवर ठेवलं. आजवर यापेक्षा चांगलं काही लिहिलं नाही मी.

फोनवर वाचून दाखवलं.  काका म्हणाले, 'असंच राहू दे. कानामात्राही बदलू नको.'

१९ फेब्रुवारी

शेखरदादा घरी आले, खास अमरावतीला. पीडीएफ वाचलं होतं.

'ताई, एकतीस नंबरचं पान काढा.'

मी म्हटलं, काकांची इच्छा आहे.

'बाबांचं वय झालं. पण माझे साहेब येणार आहेत, माझ्या पोरीच्या सासरचे येणार आहेत. लोक जेवायले येतीन, रडायले नाही. आन् खोट्या आडनावाचं कोणी छापते का?'

मी जरा ताणून धरलं. जरासंच. मग ते अगदी गोड आवाजात म्हणाले, 'नसेल जमत तर राहू द्या. प्रिंटर करून देईल. फक्त मग कव्हरवर तुमचं नाव नको.'

मी म्हटलं, पाहते.

२० फेब्रुवारी

काढलं.

२२ फेब्रुवारी

त्या जागी काय टाकलं ते इथं लिहूनच ठेवते, म्हणजे मला विसरता येणार नाही. 'थोरल्या भगिनीच्या मायेची शीतल छाया त्यांना आयुष्यभर लाभली.' शी! पाच मिनिटांत सुचलं. असली वाक्यं मला झोपेतही सुचतात.

दुपारी काकांचा फोन. 'गेलं का बेटा छापाले?' मी म्हटलं, 'हो काका, गेलं.' शब्दाला शब्द खरं! खोटं न बोलता फसवायचं कसं, तेही शिकले बाई मी एवढ्या वर्षांत.

आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'नाव त आलं न?'

९ मार्च

आजच लिहीन.

सकाळी साडेदहाला मी हॉलच्या दारात पुस्तिका वाटत उभी. नवी साडी, केसात गजरा. मला वाटे, आलेल्या प्रत्येकानं कव्हर पाहावं, खाली नाव आहे तेही पाहावं. तेवढ्यात एक म्हातारी बाई पायरी चढून आली. हिरवं विटकं लुगडं, पायाला धूळ, हातात कापडी पिशवी. मागून साहेबलोकांची गाडी लागलेली, माझी घाई. मी म्हटलं,

'मावशी, इकडून नाही. भांडेवाल्या बायांची वाट मागून आहे.'

तिनं माझ्याकडे पाहिलं. 'हव माय,' म्हणाली आणि मागं गेली.

कार्यक्रम झाला. बुद्धवंदना, हार, भाषणं. काका स्टेजवर बसून सारखे दाराकडे पाहत होते. पुस्तिका हातात आली तशी चष्मा लावून पानं उलटली. एकदा पुढून, एकदा मागून. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. सूत्रसंचालकानं मला बोलावलं, मी वर गेले आणि सुरेख वाचलं. शीतल छाया! टाळ्या पडल्या. काकांनी माईक मागितला होता, पण शेखरदादांनी तो साहेबांच्या हाती दिला.

जेवणं उरकल्यावर केटररची रूपाली एक पुडकं घेऊन आली. 'एक म्हातारी बाई देऊन गेली. म्हणे, देवमनले द्या. दिवसभर आमच्यासंग भांडे घासू लागली. नको म्हटलं तरी आयकेना.'

वर्तमानपत्र सोडलं. आत एक कपबशी, निळ्या फुलांची. शेखरदादा हसले, 'एकच?'

काका हसले नाहीत. 'मले नुसतं देवमन म्हणणारी या जगात एकच बाई जित्ती हाय,' म्हणाले. 'कशी होती? थेच नेहमीचं हिरवं लुगडं?'

रूपाली म्हणाली, 'हव.'

ते पान मला तोंडपाठ होतं. मागचं दार, नळ, भांडी, सगळं माझ्याच हातानं लिहिलेलं. आणि मी — बौद्धाची पोर, चांदूर रेल्वेच्या वस्तीत वाढलेली, जिची आजी जन्मभर लोकांच्या मागच्या दारानं गेली — गजरा माळून दारात उभी राहिले आणि नेमकं तेच केलं. साहेबांच्या बायकोला 'या या' म्हटलं होतं मी. वाकून!

काका जाताना एवढंच म्हणाले, 'मी तुले सांगितलं होतं. शेखरले नाही.'

११ मार्च

कोणाशी बोलावंसं वाटत नाही. मला मिळालेल्या वीस प्रती पलंगाखाली ढकलल्या. कव्हर खाली करून.

१५ मार्च

पुण्याच्या प्रकाशकांची मेल. काम मिळालं! 'भाषा स्वच्छ आहे. बहिणीबद्दलचं वाक्य विशेष आवडलं.'

आईनं विचारलं, 'मंग रडून कावून राहिली?'

तिला सगळं सांगितलं, दारातलंही. तिनं ऐकलं आणि म्हणाली, 'मले सांगून काय होते? जिले सांगाचं तिले सांग. भातकुली काय लंडनले हाय का?'

१८ मार्च

भातकुलीहून आले. माणिकबाईंच्या ओट्यावर बसून ते काढलेलं पान वाचलं, अक्षर न् अक्षर. मग सांगितलं, दारातून तुम्हाला मागं पाठवलं ती मीच.

त्यांनी पदराचं टोक पिळलं. मग म्हणाल्या,

'म्हंजे कपाचं नव्हतं काय?'

मला समजेना.

'त्या दिवशी नळावर मालकिणीचा एक कप फुटला माह्या हातून. निळ्या फुलाचा. देवमनचं पत्र आलं, येऊ नको, तवा मले वाटलं, त्याच्याचसाठी रागावला. सत्तेचाळीस वर्सं तेच वाटलं मले. म्हून त नवा कप घेऊन आल्ती. अन् दारातून तू मांगं धाडलं, तवा म्हटलं — अजूनही राग गेला नाही बाप्पा त्याचा.'