गॅलरीतली खुर्ची

४ डिसेंबर, संध्याकाळ

पास मिळाले! नागपूरच्या विधानभवनात अधिवेशन चालू असताना आमच्या ग्रामपंचायतीच्या आम्ही साऱ्या बाया मेंबर गॅलरीत बसणार. धाड गावाहून जीपही ठरवली. जुळवलं मीच, तरी मलेच खरं वाटेना.

परवा मात्र डोकंच फिरलं होतं. पाससाठी आधार कार्ड मागितले, तर साऱ्यांनी नवऱ्यांचेच पाठवले! निवडून आली बाई, पण सरकारी काम म्हटलं की कागद नवऱ्याचा. काऊन? सारे परत करून बायांचे मागवले. अन् मी एवढी चिडते, तर मीटिंगमध्ये गप्प काऊन बसते? तिथं मेंबर सुमनबाईच्या खुर्चीवर तिचे मालक गजाननभाऊ बसतात, अन् ती दाराशी, सतरंजीवर.

आज तिच्या घरी पास द्यायले गेले, तर म्हणे, "तिथं आपून कुठं बसू?"

"वरती, खुर्च्यांवर. मंत्री, आमदार सारे खाली दिसतात."

"मंत्री खाली, अन् मी वर? खुर्चीवर?"

"हाव!"

पदर तोंडाशी धरून किती हसली! गजाननभाऊ तिथंच चहा पीत होते. त्यांच्याकडं वळून म्हणाली,

"अहो, उद्याच्या मीटिंगले तुम्ही नका येऊ. नागपूरले जायच्या आधी मले खुर्चीवर बसायची सवय करा लागन."