कान तुटलेला कप

मी, अ‍ॅनिस ऑल्डरसन, वय एकोणऐंशी, राहणार रीथ, यॉर्कशायर, हे राजीखुशीने लिहून ठेवत आहे. गुडघे कामातून गेले आहेत. डोके शाबूत असल्याची खात्री वकिलांनी माझ्याकडचा दोनदा चहा पिऊन करून घेतली आहे.

१. घर आणि बँकेतली शिल्लक भाची हिलरी हिला. मागचे दार ओल्या हवेत फुगते, खांदा लावावा.

२. चूलही तिलाच. चुलीला आकडे नाहीत. हात आत धरून वीस मोजता आले, की आच पार्किनला योग्य.

३. पार्किन, म्हणजे ओट आणि काकवीचा केक, आई दर नोव्हेंबरात करी. ती गेल्यावर वही माझी थोरली बहीण डॉर्कस हिच्याकडे गेली, भांडी माझ्याकडे. पुढच्या वर्षी चॅपलच्या चहाला डॉर्कसने वहीबरहुकूम केक केला. मी सर्वांदेखत म्हणाले, "ताई, छपराला दगडी कौल हवंच होतं." ती म्हणाली, "आईनं तुला काहीतरी सांगितलंय, ते तू दाबून ठेवलंयस." एकाच गावात पस्तीस वर्षे आम्ही बोललो नाही. माझा अंदाजपंचे केक पातळच राही, हे मी कोणाला कळू दिले नाही.

गेल्या महिन्यात हिलरी डॉर्कसकडून ती वही मागून आणून माझ्याकडे ग्रॅममध्ये हिशेब करायला बसली. "मावशी, काकवी एक डबा, ते कळलं. पण ओट 'तीन नेहमीचे कप' म्हणजे केवढे गं?" माझा हात आपसूक खिडकीकडे गेला. आईचा तो कान तुटलेला कप. मी त्यात बटणे ठेवत होते. डॉर्कसने न्याहारीचा मोठा कप घेतला होता, दीडपट. कोणी काही लपवले नव्हते. माझ्या जिभेची मला लाज वाटते.

४. (खोडले.) कप डॉर्कसला ठेवला होता. वकील म्हणाले, "बाई, ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये." मला तर सहीला तीच हवी. म्हणून गेल्या आठवड्यात कप घेऊन स्वतः तिच्या दारात गेले. "ताई, चुकलं माझं." तिने कप उलटसुलट पाहिला. "आधी बटणं काढ. आणि आत ये, ऊब चाललीय बाहेर."

५. माझ्या अंत्यविधीला पार्किनच वाढावा. तो आठ दिवस डब्यात मुरल्याशिवाय मऊ होत नाही, आणि मी कधी जाईन ते सांगता येत नाही. म्हणून ताईने तो दर आठवड्याला करावा, आणि जुना आम्ही दोघींनी बसून संपवावा.

रीथ, ३० ऑक्टोबर १९८७
सही: अ‍ॅनिस ऑल्डरसन

दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली:
वॉल्टर कोट्स, पोस्टमन
डॉर्कस पीकॉक, बहीण. मला यातून काहीही मिळालेले नाही. पहिला केक डब्यात आहे, मंगळवारी ये.