मिश्री आणि माझं न जुळणारं हाड

१४ जानेवारी २०२५
तिळगूळ घ्या, हाड कापा! उद्या ऑपरेशन. डाव्या गुडघ्याखालचं हाड कापून पाय सरळ करणार, वर पट्टी अन् स्क्रू. फेंगडी चाल बंद.
डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू, मिश्री?" मी म्हटलं, "छे!" आमचे हे छाती काढून, "आमच्याकडे कुणी सुपारीसुद्धा खात नाही." सासूबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

२० जानेवारी
घरी. पाय पट्टीनं आखल्यासारखा सरळ! बाकी मी वाकडीच.
हे ऑफिसला गेल्यावर सासूबाईंनी पदराआडून डबी काढली. "लाव गं थोडी. पोट साफ हुईल." लावली. लग्नाच्या वर्षी दाढ ठणकत होती, तेव्हा सासूबाईंनीच पहिल्यांदा दिली. त्याला बावीस वर्षं झाली. अन् मी शाळेत विज्ञान शिकवते — व्यसनांचे तोटे तोंडपाठ!

१७ मार्च
एक्सरेत फट तशीच, काळी. "आतापर्यंत जुळायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.
यांनी पायांच्या सूपचा सपाटा लावलाय. नाशकातली बोकडं लंगडत फिरायची वेळ आलीय.

२२ एप्रिल
एक स्क्रू तुटला. आता कमरेचं हाड काढून फटीत भरणार म्हणे. म्हणजे आणखी एक ऑपरेशन! डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "नक्की काही व्यसन नाही?" मी एक्सरे पाकिटात घालायला लागले. इतकी भित्री मी!
सासूबाईच बोलल्या. "डागदर, ती मिश्री लावती. सवय म्या लावली. काय बोलायचं ते मला बोला."
आम्ही दोघींनी बँक लुटल्यासारखे हे बघत राहिले.
"मिश्रीतल्या तंबाखूनं हाड जुळत नाही. आजपासून बंद. सहा आठवडे थांबू, मग ठरवू," डॉक्टर म्हणाले.

२३ एप्रिल
डोकं भणभणतंय. पोटाचं विचारूच नका. सासूबाईंनी आपलीही डबी मोरीत रिकामी केली! साठ वर्षांची सवय! "तुझ्यासमोर कशी लावू?" आता दोघी मिळून यांच्यावर खेकसतो.

३ जून
फटीत धूसर पांढरं दिसतंय! कमरेचं हाड वाचलं!

८ जुलै
जुळलं! काठी सुटली. जिना स्वतः चढले. यांनी पेढे वाटले, सूप बंद!

९ जुलै
सकाळी सासूबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. तोंड उघडून गाल दाखवला. आत पांढरा चट्टा, मध्ये लाल.
"आत्या, कधीपासून?"
"दिवाळीपासून. म्हणलं, आधी तुझं ऑपरेशन हुदे, हाड जुळू दे."
रिक्षा आलीय. दोघी दवाखान्यात निघतो.