सुई न लावलेले पाच महिने

आबा, तुमच्या खोकल्याला नाव मिळायला पाच महिने लागले. पहिला महिना लाल औषधाच्या बाटल्यांत गेला, उरलेले चार टीबीच्या गोळ्यांत, आणि त्या टीबीचा जंतू तुमच्या बेडक्यात एकदाही सापडला न्हाई. तेवढ्या काळात छातीतली गाठ लिंबाची पेरूएवढी झाली.

आज इतक्या वर्षांनी हे उकरून काढतोय, कारण परवा आपल्या गॅरेजमधल्या वेल्डरच्या आईला घेऊन शहरात गेल्तो. तिलाही तेच, फुप्फुसाचं. एका खोलीत पाच डॉक्टर तिच्या छातीचा फोटो लावून बसलेले. छातीचा डॉक्टर, ऑपरेशनवाला, किमोवाला, किरणांचा लाइट देणाऱ्या बाई, आणि गाठीचा तुकडा काचेवर ठेवून तपासणारी एक पोरगेली डॉक्टर. दार अर्धवट लोटलेलं होतं आणि माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. शहागडच्या पुलावरून ट्रक उतरायच्या आत मी आवाजावरून सांगतो, इंजिनाचा कोणता नोझल गेला ते. आत ऑपरेशनवाला त्या पोरीला म्हणतो, "आधी तुकडा काय म्हणतो ते सांग, मग आम्ही तोंड उघडतो." मला असा संताप आला की उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो. तुमच्या वेळीही अशी माणसं याच शहरात होती की! पाचव्या महिन्यात तोंडातून रक्त पडलं, मंग कुठं सुई लागली, नाव कळलं, आणि त्यांची एकेकाची दारं आपण फाईल घेऊन हिंडलो. ऑपरेशनवाल्यानं फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, "इतके दिवस काय करत होता?" लाइटवाला तर तुमच्याकडं न बघता माझ्याशीच बोलला, जसं काही तुम्ही बाजूला ठेवलेलं सामान.

पण सगळ्यात जास्त राग तुमच्या वेळच्या त्या छातीच्या डॉक्टरवर आहे. दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीलाच त्यानं मला आत बोलावून सांगितलं होतं, "सुईनं तुकडा काढून बघावा लागेल." सोबत मामा. मामांनी तिथंच माझा दंड धरला. "गाठीला लोखंड लागलं की ती पेटती. धावड्याच्या पाव्हण्याचं काय झालं? सुई लावली, दोन महिन्यांत खलास!" मी हात जोडले, "साहेब, सुई नको. गोळ्यांवर भागवा." त्यानं नकाराच्या कागदावर माझी सही घेतली आणि टीबीच्या गोळ्या लिहून दिल्या. का दिल्या? शिकलेला तो होता का मी? कॉलर धरून हाकलायला पायजे होतं त्यानं मला. माझ्याकडं कुणी ट्रकमालक आला आणि म्हणाला, इंजिन खोलू नको, नुसतं ऑइल बदल, तर मी चावी त्याच्या हातावर ठेवतो. अन् खोललंच तर मालकाला समोर उभा करतो. मालकाला दाखवल्याबिगर मी बोल्ट फिरवत न्हाई, हे आख्ख्या हायवेला छाती ठोकून सांगत आलोय.

त्या दिवशी तुम्ही बाहेर बाकड्यावर बसलेले. टोपी गुडघ्यावर, अंकुशनगरच्या साखर कारखान्यात तीस सीझन फिटर म्हणून काढलेले ते काळे हात टोपीवर. मी बाहेर येतो तर तुम्ही लगेच, "काय म्हनला रे? खोलून बघनार हाय का?"

मामा दुसरीकडं बघतात.

"बघू दे की. खोलल्याबिगर कुनाला काय कळतंय? मी काय भितो का सुईला, लेका!" हसता हसता तुम्हाला उबळ येते, आणि मी पाठीवरून हात फिरवत राहतो.

हा कागद कुणाच्या हाती पडायचा न्हाई, म्हणून लिहितो. उबळ थांबल्यावर मी तुम्हाला म्हणालो होतो, "आबा, डॉक्टरच म्हनला, सुईची गरज न्हाई." तुम्ही बराबर म्हणून मान हलवलीत आणि टोपी घातलीत. छाती तुमची होती, आणि सही करण्याआधी मी तुम्हाला विचारलं नव्हतं.